वैनगंगेच्या पुलावर दिलेलं चाक

श्रेयाचं मागचं चाक वैनगंगेच्या पुलावर पंक्चर होऊन बसलं, तेव्हा शर्यत संपायला तीसेक किलोमीटर राहिले होते. पुढे पाच जणी होत्या. त्यांतल्या दोघी आमच्या, श्रेया आणि करुणा. बाकीचा घोळका दीड-दोन मिनिटं मागे पडला होता. मी मागून येणाऱ्या बोलेरोत बसले होते आणि गाडीत जादा मागचं चाक उरलं नव्हतं. होतं ते जाताना सावली गावाजवळ आमच्या तिसऱ्या मुलीला देऊन टाकलं होतं.

मी सायकलिंगची प्रशिक्षक. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून बावीस वर्षं हेच काम केलं. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. जिंकलेल्या शर्यतींबद्दल लोक विचारतात, मी सांगते. ही शर्यतही आम्ही जिंकलोच होतो. तरी तिच्याबद्दल सांगायला मला इतकी वर्षं लागली.

राज्याच्या संघाची निवड करण्यासाठी ती शर्यत होती. मूलहून निघायचं, गडचिरोलीला पोचायचं, वळायचं आणि परत मूल. रस्ता जवळजवळ सपाट. दोन्ही बाजूंना आधी धानाची शेतं, मग जंगल, मग परत शेतं. अशा रस्त्यावर चढ नसतो, पण वारा असतो. आणि पुलावर तो आडवा येतो.

सायकल शर्यतीचं गणित वाऱ्याचं असतं, हे आधी सांगायला हवं. जी पुढे असते ती वारा फोडते. तिच्या मागे चाकाला चाक लावून चालणारीला बरीच कमी ताकद लागते. आपल्याकडची पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे सायकल घालून आरामात जातात, ते हेच. म्हणून संघात एक लीडर असते आणि बाकीच्या तिच्यासाठी राबतात. वारा अंगावर घ्यायचा. गाडीपर्यंत मागे येऊन पाण्याच्या बाटल्या न्यायच्या. कोणी पळून गेली तर पाठलाग करून लीडरला तिच्यापर्यंत पोचवायचं. शेवटच्या दोनशे मीटरला लीडर ताज्या पायांनी सुटते आणि जिंकते. राबणाऱ्या मुलींना आम्ही सपोर्ट रायडर म्हणतो. निकालाच्या कागदावर त्या बाराव्या, पंधराव्या, विसाव्या असतात.

करुणा मेश्राम पाच वर्षं माझी सपोर्ट रायडर होती.

ती मला चामोर्शीच्या रस्त्यावर सापडली. मी आष्टीहून एसटीने येत होते. रस्ता इतका खराब की बस दर खड्ड्याला थांबल्यासारखी व्हायची. तेवढ्यात एक मुलगी लेडीज सायकलवरून बसला मागे टाकायची. रस्ता बरा लागला की बस तिला मागे टाकायची. पुन्हा खड्डे आले की ती पुढे. असं चार-पाचदा झालं. चामोर्शीच्या स्टँडवर मी उतरले आणि तिची वाट पाहिली. ती आली, घाम पुसला आणि कॉलेजकडे निघाली. मी हाक मारली. घर कुठे, विचारलं. चौदा किलोमीटरवरचं एक गाव तिने सांगितलं. वडील राईस मिलमध्ये हमाल, आई धानाच्या रोवणीला जाते, मोठा भाऊ नागपूरला. रोज सायकलने का येतेस, असं विचारल्यावर ती म्हणाली, बस भरवशाची नाई.

श्रेया तिच्यानंतर वर्षभराने आली. गडचांदूरची. वडील सिमेंट कारखान्यात अधिकारी, राहायला कंपनीची कॉलनी. तिच्याकडे स्वतःची कार्बनची हलकी सायकल होती. शेवटच्या दोनशे मीटरला ती खरोखर फार वेगवान होती. तिला लीडर केलं यात माझं काही चुकलं नाही. मुलगीही चांगली. करुणाला ती ताई म्हणायची आणि बाटली आणून दिली की दर वेळी थँक्यू म्हणायची. सायकलवर धापा टाकत असतानासुद्धा.

चुकलं ते पुढे. करुणा वाढत होती आणि मी तिच्याकडे लीडर म्हणून कधी पाहिलंच नाही. तिचं काम मला सोयीचं होतं. ती तक्रार करत नसे. पहिल्या वर्षी एकदाच तिने विचारलं होतं, "मॅडम, म्या काऊन नेहमी मागं राहाचं?"

मी तिला एक गोष्ट सांगितली. प्रशिक्षकांच्या कोर्सला आम्हाला एक जुनं पुस्तक दिलं होतं. त्यात पन्नासच्या दशकातल्या एका इटालियन व्यावसायिक सायकलपटूचा फोटो होता. डोंगरातला कच्चा रस्ता, खांद्याला टायर गुंडाळलेलं, जर्सीच्या खिशांत बाटल्या कोंबलेल्या. खाली दोनच ओळी. हा रायडर दहा वर्षं आपल्या कॅप्टनसाठी राबला आणि एकदा त्याने स्वतःचं चाक काढून कॅप्टनला दिलं, एवढंच. सपोर्ट रायडरला इटलीत वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ साधा शिपाई, असं आमच्या सरांनी कोर्सला सांगितलं होतं. तेही मी तिला सांगितलं. करुणा लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारलं, "मंग तो कधी जिंकला का नाई?"

मला माहीत नव्हतं. पण समोर अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती आणि ती मला संघात हवी होती. मी म्हटलं, जिंकला ना. दहाव्या वर्षी एका मोठ्या शर्यतीत कॅप्टनने स्वतः हात करून त्याला पुढे पाठवलं. म्हणाला, आज तू जा.

ती हसली. नंतर ही गोष्ट तिने संघातल्या प्रत्येक नव्या मुलीला सांगितली. दर वेळी त्यात थोडी भर घालायची. कॅप्टनने हात कसा केला, लोक कसे रडले. मी शेजारी उभी राहून ऐकायचे आणि काही बोलायचे नाही.

आता त्या शर्यतीच्या दिवसाकडे येते.

आदल्या आठवड्यात आमच्या साहेबांनी बोलावलं होतं. साहेब म्हणजे आमच्या क्रीडा कार्यालयाचे प्रमुख. नवीन आले होते.

"मॅडम, पहिला नंबर येणार ना?"

"प्रयत्न आहे सर."

"प्रयत्न नको. मला पहिल्या नंबरचा फोटो पाहिजे. पुढच्या वर्षी सायकलिंग ठेवायचं की नाही, याचा विचार वर चालू आहे. तुम्हाला सांगून ठेवतो."

म्हणजे संघच पणाला लागला होता. मुलींना मी हे सांगितलं नाही. पण करुणाचंही काही पणाला होतं, ते मला पक्कं माहीत होतं. खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीला अर्ज करायचा तर पहिल्या तिघींत नाव लागतं. ती वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. पाच वर्षांत तिच्या नावावर एकही मेडल नव्हतं. श्रेयाच्या नावावर चार होती आणि त्या चारही वेळा वारा करुणाने फोडला होता.

आदल्या संध्याकाळी प्लॅन ठरला. करुणाने श्रेयाला शेवटच्या किलोमीटरपर्यंत आणायचं आणि बाजूला व्हायचं. करुणा हो म्हणाली.

शर्यत सुरू झाली आणि गडचिरोलीच्या अलीकडेच पाच जणी घोळक्यातून पुढे सुटल्या. ती फूट पाडली करुणाने. पुढे राहून तिने असा वेग धरला की मागच्या एकेक गळत गेल्या. आमचे ड्रायव्हर शंकरभाऊ गाडीही चालवायचे आणि सायकलीही दुरुस्त करायचे. पंधरा वर्षं ते माझ्याबरोबर होते. ते म्हणाले, "मॅडम, करुणाचे पाय पाहा आज. असे पाय म्या कधी नाई पाह्यले." मी पाहिलं. तिचं अंग वरून हलत नव्हतं. नुसते पाय फिरत होते, एका लयीत. मी वहीत लिहिलं, करुणा चांगल्या फॉर्मात. आणि पुढचा विचार केला की श्रेयासाठी बरं झालं.

गडचिरोलीहून वळून परत निघाल्यावरही तेच. करुणा पुढे, श्रेया तिच्या मागे, बाकी तिघी त्यांच्या मागे.

मग पूल आला. श्रेयाने हात वर केला. मागचं चाक पूर्ण बसलं होतं. शंकरभाऊंनी गाडी कडेला लावली. मी खाली उतरले आणि मागच्या सीटवर पाहिलं. एक पुढचं चाक होतं. मागचं नव्हतं.

करुणा पुढे जाऊन थांबली होती. पाच वर्षांची सवय. लीडरचा हात वर गेला की थांबायचं. बाकी तिघी निघून गेल्या होत्या, पण अजून दिसत होत्या. चाक बदलायला फार वेळ लागत नाही. आमच्या सगळ्या सायकलींना एकाच मापाची चाकं बसतील अशी सोय मी मुद्दाम करून ठेवली होती. अशाच प्रसंगासाठी.

मी ओरडले, "करुणा, चाक दे."

ती सायकलवरून उतरली. चाकाला हात लावला नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, आज माह्ये पाय चालून राह्यले. मले जाऊ द्या."

तिने पाच वर्षांत माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. ती आवाज चढवून बोलली नाही. हात जोडले नाहीत. डॉक्टरला कुठे दुखतं ते सांगावं तसं सांगितलं.

श्रेया म्हणाली, "मॅडम, ताईला जाऊ द्या. मी मागच्या गाडीतून चाक घेते."

मागच्या गाड्या घोळक्याच्या मागे होत्या. निदान तीन-चार मिनिटं लागली असती. त्यात श्रेयाची शर्यत संपली असती. माझ्या डोक्यात प्लॅन होता. साहेबांचा फोटो होता. शेवटचे दोनशे मीटर होते. त्यात श्रेया नक्की जिंकणार, हे मला माहीत होतं. करुणा जिंकेल का, ते माहीत नव्हतं. कारण मी तिला कधी जिंकायला पाठवलंच नव्हतं.

"प्लॅन ठरलाय," मी म्हटलं. "चाक दे."

तिने चाक दिलं. शंकरभाऊंनी ते बसवलं, श्रेयाला ढकललं आणि ती गेली. गाडी श्रेयाच्या मागे न्यायला हवी होती. आम्ही नेली. करुणा पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली, हातात श्रेयाचं बसलेलं चाक घेऊन. आमच्या बाजूच्या आरशात ती बराच वेळ दिसत होती.

श्रेयाने तिघींना गाठलं. नंतर त्या चौघी एकमेकींकडे पाहत चालल्या. हेही या खेळात नेहमीचंच. शेवट जवळ आला की कोणीच पुढे यायला तयार नसतं. वारा कोणी फोडायचा, म्हणून सगळ्या हळू होतात. करुणा असती तर तिने फोडला असता. मूलच्या वेशीवर श्रेया सुटली आणि सायकलच्या दोन लांबी राखून जिंकली. साहेबांना फोटो गेला. पाच मिनिटांत त्यांचा अंगठा आला.

करुणा नववी आली.

मागच्या एका संघाच्या गाडीने तिला चाक दिलं होतं. तोवर घोळका तिच्या शेजारून निघून गेला होता. ती एकटी निघाली. तिने घोळका गाठला, ओलांडला आणि त्यातल्या चौघी तिच्याबरोबर टिकल्या. शेवटच्या दोनशे मीटरला त्या चौघी तिला मागे टाकून गेल्या, कारण तिथवर त्यांचा वारा तिनेच फोडला होता. ती आली, सायकल भिंतीला लावली, पाणी प्यायली आणि श्रेयाच्या पाठीवर हात ठेवून शाब्बास म्हणाली. श्रेया रडायला लागली. लोकांना वाटलं आनंदाने. जेवताना करुणाने भात दोनदा मागून घेतला. माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलली. मला वाटलं, झालं ते निभावलं.

सोमवारी मी दोघींच्या सायकलींवरचे मीटर काढले. हे छोटं घड्याळासारखं यंत्र असतं. कुठल्या किलोमीटरला किती वेळ लागला, ते त्यात साठतं. पुलाच्या टोकापासून मूलपर्यंतचा दोघींचा वेळ मी शेजारी शेजारी लावला. करुणाची थांबलेली मिनिटं वजा केली. करुणाला श्रेयापेक्षा एक मिनिट दहा सेकंद कमी लागले होते.

म्हणजे तिला पुलावरून जाऊ दिलं असतं, तर ती बाकी तिघींना सोडून एकटीच मूलला पोचली असती. शेवटच्या दोनशे मीटरचा प्रश्नच आला नसता. मी दोनदा हिशोब केला. मग कॉम्प्युटर बंद केला. कोणाला काही सांगितलं नाही.

साहेबांकडे मात्र गेले. करुणासाठी शिफारशीचं पत्र मागितलं. संघाच्या विजयात तिचा वाटा किती, हे कोणीतरी लिहायला हवं होतं.

"कितवी आली ती?" त्यांनी विचारलं.

"नववी. पण सर, चाक तिचं होतं."

"मॅडम, नववी आलेल्या मुलीचं मी काय लिहू? चाक दिलं म्हणून लिहू?"

त्यांचं नियमाने बरोबर होतं. मी उठून आले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते चंद्रपूरला ऑफिसात होते. पुलावर मी होते.

महिन्याभराने करुणा ऑफिसने तिला शर्यतींसाठी दिलेली सायकल परत करायला आली. चामोर्शीहून एसटीच्या टपावर टाकून आणली होती. पुसून चकचकीत केलेली, चेनला तेल लावलेलं. मी म्हटलं, परत कशाला करतेस, पुढच्या वर्षी तुझीच पाळी. तुला लीडर करते.

ती बसली. मग म्हणाली, "मीटरमधे काय निघालं, मॅडम?"

मी सांगितलं. एक मिनिट दहा सेकंद.

तिने मान हलवली. जणू तिला नुसती खात्री करून घ्यायची होती. मग तिने विचारलं, "त्या इटलीच्या माणसाचं नाव काय होतं? मी मोबाइलवर पाहाचं म्हन्ते."

मी एखादं नाव सांगू शकले असते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्या दिवशी मला ते जमलं नाही. मी म्हटलं, नाव आठवत नाही. पुस्तकात फोटो आणि दोन ओळी होत्या, बस.

"मंग जिंकला हे कुठी लिहिलं होतं?"

"कुठेच नाही. ते मी सांगितलं."

तिला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. "मले कधी कधी वाटे तसं," ती म्हणाली. "पन आयकाले बरं वाटे." मग तिने सायकलच्या कुलपाची चावी टेबलावर ठेवली, पाया पडते म्हणाली आणि पडली. मी नको म्हणेपर्यंत उठून गेलीसुद्धा.

पुढच्या वर्षी तिची पाळी आली नाही. कोणाचीच आली नाही. पहिल्या नंबरचा फोटो असूनही जिल्ह्याच्या यादीतून सायकलिंग वगळलं गेलं. कारण असं दिलं की हा रस्त्यावरचा खेळ आहे आणि आम्हाला स्टेडियमवरचे खेळ वाढवायचे आहेत. सायकली गोडाऊनला गेल्या. माझ्याकडे शाळांच्या स्पर्धा आल्या. रिटायर होईपर्यंत मी शिट्ट्या आणि चेस्ट नंबर वाटत होते.

श्रेया राज्याच्या संघात गेली, नंतर राष्ट्रीय शिबिराला गेली. आता सरकारी नोकरीत आहे. दिवाळीला तिचा फोन येतो. एकदा ती म्हणाली की ऑफिसात तिचं त्या शर्यतीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावायचं म्हणतात, पण ती लावू देत नाही.

करुणाने वनरक्षकाची परीक्षा खुल्या स्पर्धेतून दोनदा दिली. धावण्यात पहिली, लेखीत दोन-तीन मार्कांनी मागे. खेळाडूंच्या जागेतून अर्ज करता आला असता तर दोन्ही वेळा ती लागली असती. मग वय गेलं. आता ती चामोर्शीला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. घरोघर जाऊन सॅम्पल घेते, स्कूटीवरून. लग्न झालंय, एक मुलगी आहे. मागच्या वर्षी एका लग्नाला मी तिकडे गेले होते, तेव्हा मुद्दाम लॅबमध्ये गेले. तिने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, माझं ब्लडप्रेशर मोजलं आणि मीठ कमी करायला सांगितलं. मी विचारलं, सायकल चालवतेस का कधी? नाही म्हणाली. वेळ भेटत नाही. मग बाहेर पेशंट आला, म्हणून ती उठली.

नव्या प्रशिक्षकांच्या शिबिरात मला अजून बोलावतात. लीडर कसा निवडावा, प्लॅन कसा आखावा, हे विचारतात. ते मी सांगते. प्लॅन हवाच. पण प्लॅन आदल्या दिवशी केलेला असतो, आदल्या दिवसाच्या माहितीवर. पुलावर मला नवी माहिती मिळाली होती, खुद्द रायडरच्या तोंडून, स्पष्ट शब्दांत. मी ती वापरली नाही. आम्ही पहिले आलो, म्हणून ती चूक कुठल्याच कागदावर नाही.